अपूर्ण वर्तमानकाळ

या खोलीतलं घड्याळ मी पहिल्याच वर्षी काढून टाकलं.
खिळा राहिलाय. लोक त्याच्याकडे बघतात.
खुर्च्या सारख्या उंचीच्या, टेबल नाही,
पाण्याचा जग, आणि रुमालांचा खोका
त्यांच्या हाताशी, माझ्या नाही.
मी रुमाल पुढे केला की त्यांना वाटतं, आता आवरायचं.

आ कोरुन्याच्या या इस्पितळात, चौथ्या मजल्यावर
सतरा वर्षं माझं काम एवढंच:
डॉक्टर सांगून गेले ते पुन्हा सांगणं
आणि मग न विचारवणारं विचारणं.

काही शब्द टाकून दिलेत.
‘यंत्रावर जगतोय’ म्हणत नाही.
‘काढून घेणं’ म्हणत नाही.
दिव्याची, रोपट्याची उपमा देत नाही.
एकदा दिली होती. मुलीचा बाप उठला,
खिडकी उघडली, आणि बराच वेळ पाठमोरा राहिला.

काल कोर्मेहून एरुंदिना आली, सोबत धाकटा तोमे.
थोरला, ब्रेइशो, पलीकडच्या खोलीत.
सोमवारी कड्याखाली पेरसेबे खरवडताना लाट चुकली.
ही शिंपली वाढतात तिथेच, जिथे समुद्र आपटतो.

“छाती हलतेय त्याची.”
हलतेय. ती हवा आम्ही ढकलतोय.
“हात गरम आहे.”
आहे. हृदयाला स्वतःची सवय असते,
प्राणवायू मिळेल तोवर ते चालतं.
मेंदूला रक्त पोचणं मंगळवारी पहाटे थांबलं.
यंत्र बाजूला करून डॉक्टरांनी वाट पाहिली.
त्याने श्वास घेतला नाही.
ही झोप नाही, बेशुद्धी नाही. ब्रेइशो वारला आहे.

शेवटचं वाक्य मी नाव घेऊनच म्हणते
आणि नंतर गप्प बसते.
हे गप्प बसणं शिकायलाच मला सगळ्यात जास्त वर्षं लागली.

ती बोलत राहिली. तो कॉफीत पाव बुडवतो,
दार आपटतो, मी गोळ्या विसरले की ओरडतो.
बुडवतो. आपटतो. ओरडतो.
नव्या मुलींना मी सांगते,
क्रियापद वळेपर्यंत विचारायचं नाही.

तोमे म्हणाला, “कायद्याने तर विचारायचीही गरज नाही तुम्हाला.”
खरंय. तरी विचारतो.
‘नाही’ म्हणालात तरी मी तुम्हाला
खाली दारापर्यंत सोडायला येईन.

मग एरुंदिना म्हणाली,
“सासरे बुडाले, सापडले नाहीत.
नवरा बुडाला, एक बूट सापडला.
आमच्या थडग्यात अजून अख्खा माणूस गेला नाही, बाई.
हा पहिला, समुद्राने परत दिलेला.
त्यातूनच तुम्ही मागताय.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.
होईल ते क्रमाने सांगितलं फक्त:
कुठल्याही शस्त्रक्रियेसारखी शस्त्रक्रिया, टाके, आंघोळ.
दाढी तुम्हाला करायची असेल तर तुम्ही करा.
पेटी उघडी ठेवता येईल.
कुणाला काय मिळालं, त्यांची नावं कधीच कळणार नाहीत.

ती स्वतःची नखं बघत बसली.
“कॉफीत पाव बुडवायचा,” म्हणाली,
“आणि अर्धा कपातच ठेवायचा, विरघळलेला. कप मी घासायची.”

बुडवायचा.
तोमेनेही ऐकलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी खिळ्याकडे.
आणि विचारलं.

“डोळे नको,” बऱ्याच वेळाने ती म्हणाली.
“धक्क्यावरच्या गर्दीत त्या डोळ्यांनी तो मला हुडकायचा.
बाकीचं न्या.”
मी लिहिलं: डोळे नको.
कारणासाठी कागदावर रकाना नाही.

निघताना तिला आठवलं, गाडीत मागे पोतं आहे,
सोमवारचंच, ओल्या फडक्यात.
“थंडीत टिकतात. जिवंत असतील अजून.
तुमच्या मुलींना द्या. पाण्यात मीठ भरपूर,
उकळी फुटली की लगेच काढायचे, नाहीतर चामडं होतं.”

भेटी घ्यायला आम्हाला मनाई आहे.
रात्री अकराला वाहनतळावर
तोमेने डिकी उघडली. समुद्राचा वास आला.
मी पोतं दोन्ही हातांनी घेतलं.
वाटलं होतं त्याहून जड निघालं.